रक्ताचा जमाखर्च वाचायला शिका

(जिल्हा मेळाव्याच्या आरोग्य सत्रातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या मांडवात भावावर, विजेवर आणि कर्जावर बोलणे झाले. आता साखरेवर बोलायचे आहे. ही साखर कारखान्याची नाही, रक्तातली आहे. शेतकऱ्यांच्या व्यासपीठावर दवाखान्याचा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. आपण उत्पादन खर्च मांडायला शिकलो. बियाणे, खत, मजुरी धरली, विहिरीचा आणि बैलजोडीचा घसारा धरला. राबणाऱ्या शरीराचा घसारा मात्र कोणत्याच तक्त्यात येत नाही. तो तक्ता आज मांडू.

आधी नुकसानीचा आकडा बघा. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा डायलिसिस करावे लागते. एका खेपेला यंत्रावर सुमारे चार तास जातात, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. आठवड्याला दोन खेपा धरल्या तरी वर्षाला १०४ होतात. सोबत एक माणूस धरा, म्हणजे २०८ दिवसांचे काम बुडाले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते, हे खरे. पण योजना यंत्राचे पैसे भरते. बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि पेरणीचा चुकलेला वाफसा ती भरून देत नाही. मूत्रपिंडे निकामी होण्याचे एक मोठे कारण मधुमेह आहे. आणि तिथवर जाण्याआधी बरीच वर्षे रक्त आणि लघवी इशारे देत असतात. ते वाचायला आपल्याला कोणी शिकवले नाही, एवढीच खोट आहे.

हा रोग आता कोणाचा?

मधुमेह म्हणजे गादीवर बसणाऱ्याचा रोग, असे आपण समजत आलो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सगळ्या राज्यांत एक लाखाहून जास्त माणसे तपासली आणि त्याचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०२१ सालात देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही होते. शहरात प्रमाण १६.४ टक्के, खेड्यात ८.९ टक्के. सगळ्यात जास्त प्रमाण शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. आता खरी गोष्ट ऐका. जे अजून मधुमेही नाहीत पण उंबरठ्यावर आहेत, असे आणखी १३ कोटी ६० लाख लोक निघाले. उंबरठ्यावरच्यांचे प्रमाण शहरात आणि खेड्यात जवळपास सारखेच आहे. म्हणजे रोग वेशीच्या आत आला आहे, फक्त त्याची नोंद व्हायची आहे.

"आम्ही तर हडकुळे, आम्हाला कसली साखर?" हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच सापडले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयाबहिणींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते, तर इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. बाळ लहान, स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी त्या मानाने भरपूर. पुढे २००४ साली त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत छापला गेला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी एकसारखे. पण चरबी मोजली तर इंग्लंडच्या डॉक्टरांची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के.

याचा अर्थ समजून घ्या. वजनकाट्यावर बारीक दिसणारा माणूस आतून चरबीचा असू शकतो. आणि त्याची सुरुवात आईच्या पोटात होते. आईला पोटभर सकस अन्न मिळाले नाही, तर बाळाचे शरीर काटकसरीने घडते आणि मोठेपणी थोडी सुबत्ता आली तरी ते साखर पेलू शकत नाही. शेतकऱ्याच्या घरात बाप कर्ज ठेवून जातो हे आपल्याला माहीत आहे. अर्धपोटी राहिलेल्या पिढीचे देणे पुढच्या पिढीच्या रक्तातही निघते, हे आता कळले.

बोटाची साखर आणि तीन महिन्यांची साखर

आता तपासण्यांकडे येऊ. शिबिरात बोटाला टोचून जी साखर बघतात, तो आजचा बाजारभाव आहे. सकाळी एक, दुपारी दुसरा. एका दिवसाच्या भावावरून कोणी हंगामाचा हिशेब करत नाही. म्हणून पक्के निदान करायला प्रयोगशाळेत शिरेतून रक्त देऊन उपाशीपोटी साखर बघतात. रात्रीपासून आठ तास पोटात काही नसताना ती १०० च्या आत असली तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त आली, तरी मधुमेह. त्रास काही होत नसेल तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात.

हंगामाचा सरासरी भाव सांगणारी तपासणी वेगळी. तिला एचबीएवनसी म्हणतात, लोकांच्या भाषेत तीन महिन्यांची साखर. १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर या इराणी डॉक्टरांना मधुमेह्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये एक वेगळा भाग दिसला. रक्तातली साखर तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. साखर जास्त, तर चिकटलेला भाग जास्त. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब तिच्यात राहतो. तपासणीच्या आदल्या दिवशी जेवण सोडून डॉक्टरला फसवता येते, पण या आकड्याला फसवता येत नाही.

हा आकडा ५.७ च्या खाली असला तर चांगला. ५.७ ते ६.४ उंबरठा. ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. सरासरी साखरेत सांगायचे तर ७ म्हणजे साधारण १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२ आणि १० म्हणजे २४०. बहुतेक मधुमेह्यांनी तो ७ च्या आसपास ठेवावा. वय झालेल्या, एकट्या राहणाऱ्या किंवा साखर एकदम खाली जाणाऱ्या माणसाला डॉक्टर ८ पर्यंत मुभा देतात.

एका आकड्याने काय फरक पडतो? ब्रिटनमध्ये ५,१०२ नव्या मधुमेह्यांना अनेक वर्षे बघितले आणि १९९८ साली निष्कर्ष मांडले. २००० साली त्याच रुग्णांचा पुढचा हिशेब आला. एचबीएवनसी एका अंकाने कमी असेल, तर डोळे-मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी, मधुमेहाशी जोडलेले मृत्यू २१ टक्क्यांनी कमी. ९ वरून ७ वर येता आले नाही तरी ८ वर येण्याची किंमत मोठी आहे. "पूर्ण बरे होत नाही तर गोळी कशाला" म्हणणाऱ्याने हा हिशेब करावा.

मायबहिणींसाठी इथे एक सावधगिरीची सूचना. रक्त कमी असेल तर हा आकडा दिशाभूल करतो. लोहाच्या कमतरतेने पांढरे पडलेल्या शरीरात तो खोटा वाढू शकतो. सिकलसेल असेल, नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवले असेल, तर खोटा कमी येऊ शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. गडचिरोली, नंदुरबारकडच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल आहे. म्हणून एचबीएवनसीच्या कागदाबरोबर हिमोग्लोबिनचा आकडा बघितलाच पाहिजे. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघून ठरवावे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिला अधिवेशन झाले तेव्हापासून आपण बाईच्या कष्टाचा हिशेब मागतो आहोत. तिच्या रक्ताचा हिशेब तरी नीट लागावा.

साखरेशिवायचे आकडे

साखर बघितली की काम संपले, असे बहुतेकांना वाटते. मधुमेही माणूस बहुधा साखरेने मरत नाही. तो हृदयाने, मूत्रपिंडाने, पायाच्या जखमेने आणि अर्धांगवायूने जातो. त्याचे इशारे दुसऱ्या आकड्यांत असतात.

पहिला इशारा लघवीत मिळतो. मूत्रपिंड ही रक्ताची चाळण आहे. चाळण धड असेल तर अल्ब्युमिन नावाचे प्रथिन रक्तात राहते. चाळण विरली की ते झिरपू लागते. बंधारा एका दिवसात फुटत नाही, आधी पायथ्याला ओल दिसते. ही ओल बघण्याची तपासणी म्हणजे लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण. ते ३० च्या खाली असावे. ३० ते ३०० म्हणजे ओल दिसली. ३०० च्या वर म्हणजे गळती लागली. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा अंगमेहनतीच्या दिवशी आकडा उगीच वाढू शकतो, म्हणून तीन ते सहा महिन्यांत पुन्हा बघून पक्के करतात. या टप्प्यावर रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या ही गळती मंद करतात. म्हणजे हाताशी वेळ असतो.

दुसरा आकडा रक्तातल्या क्रिएटिनिनचा. आपल्याकडे बऱ्याचदा एवढाच बघतात. पण तो उशिरा बोलतो. मूत्रपिंडाचे निम्मे काम गेले तरी तो जेमतेम हलतो. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येते. किडकिडीत म्हाताऱ्या माणसाचा आकडा कागदावर चांगला दिसतो आणि मूत्रपिंड मात्र थकलेले असते. म्हणून वय आणि स्त्री-पुरुष भेद धरून काढलेला ईजीएफआर हा आकडा विचारा. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर मूत्रपिंडाचा जुना विकार आहे असे समजतात.

तिसरा हिशेब चरबीचा, ज्याला लिपिड प्रोफाइल म्हणतात. त्यातले एलडीएल हे रक्तवाहिनीत साचणारे कोलेस्टेरॉल. मधुमेह्याचे ते १०० च्या खाली असावे. हृदयविकार आधीच झालेला असेल तर ७० च्या खाली, काहींना त्याहूनही कमी ठेवायला सांगतात. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत. एचडीएल हे चांगले कोलेस्टेरॉल, ते पुरुषात ४० च्या आणि स्त्रीत ५० च्या वर हवे. आपल्याकडच्या मधुमेह्यांत ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी ही जोडी पुष्कळ दिसते.

या रक्ताच्या आकड्यांच्या जोडीला तीन गोष्टी सुईविना होतात. रक्तदाब, जो मधुमेह्याचा साधारण १३० बाय ८० च्या आत असावा. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, कारण पडद्यावर रक्त येईपर्यंत नजर चांगली राहू शकते. आणि पाय. साखरेने पायाची जाणीव जाते. बाभळीचा काटा किंवा ऊस-तुरीचा खुंट लागलेला कळत नाही आणि जखम चिघळते. मधुमेही माणसाने शेतात अनवाणी जाऊ नये. रात्री झोपताना तळवे बघावेत, स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना दाखवावेत. तंबाखू आणि मिश्री याच रक्तवाहिन्यांची शत्रू आहे, हेही लक्षात ठेवा. आणि मधुमेह्याला क्षयाचा धोका दुपटी-तिपटीने असतो. खोकला दोन आठवडे हटला नाही तर बेडका तपासा.

आपल्याच सवयी

आता थोडे कडू बोलतो. दोष सगळा सरकारवर टाकून भागणार नाही.

अंग मोडले की गावात सलाईन लावण्याची हौस आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. मधुमेह्याने पैसे मोजून ती शिरेत घ्यायची, याला काय म्हणावे? कंबरदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळी खाणे म्हणजे थकलेल्या मूत्रपिंडावर आणखी ओझे. पुडीतले चूर्ण घेऊन दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले, तर त्यात स्टिरॉइड असण्याचा संशय घ्या. स्टिरॉइड साखर वाढवते.

उपासाचेही तसेच. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. एकादशीला खिचडीचा डोंगर खाऊन साखर वाढवायची, किंवा इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशीपोटी कोळपणीला जायचे, दोन्ही धोक्याचे. दुसऱ्या तऱ्हेत साखर ७० च्या खाली जाते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बांधावर कोसळतो. अशा गोळ्या घेणाऱ्याने खिशात साखर किंवा गूळ ठेवावा आणि सोबत्याला आपल्या रोगाची कल्पना द्यावी. शुद्ध असेल तर साखरेचे पाणी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

ज्वारी-बाजरीचा अभिमान आपण बाळगतो, तो रास्तच आहे. पांढऱ्या भातापेक्षा भाकरी बरी. पण भाकरीही पिष्टच आहे. पाच भाकरी आणि चिमूटभर पिठले, हे ताट मधुमेह्याचे नाही. भाकऱ्या कमी, डाळ-उसळ, पालेभाजी, अंडे किंवा ताक जास्त, असे ताट हवे. रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ आणि डाळीची मात्र ददात, अशा धोरणाने गरिबाच्या ताटात पिष्टाचाच ढीग राहतो, हेही तितकेच खरे.

औषधाचा भाव

औषधाबद्दल एक चांगली बातमी. साखर कमी करणारे आणि हृदय व मूत्रपिंड दोन्हींना जपणारे एम्पाग्लिफ्लोझिन हे औषध एका कंपनीच्या पेटंटमुळे फार महाग होते. मार्च २०२५ मध्ये भारतात पेटंटची मुदत संपली, अनेक कंपन्या बाजारात उतरल्या आणि गोळीचा भाव कितीतरी खाली आला. मक्तेदारी सुटली की भाव उतरतो, हे आपल्याला नव्याने शिकायला नको. तुमच्या डॉक्टरांना विचारा, हे औषध मला चालेल का. मात्र ते लघवी वाढवते. उन्हातान्हात पाणी भरपूर प्या. उलट्या-जुलाब किंवा कडक उपास असेल तेव्हा ते थांबवायचे का, हे आधीच विचारून ठेवा. मेटफॉर्मिन ही जुनी, स्वस्त आणि चांगली गोळी आहे. ती वर्षानुवर्षे घेणाऱ्यात बी-१२ कमी होते आणि पायाला मुंग्या येतात. माळकरी, शाकाहारी माणसाने ते बी-१२ तपासून घ्यावे.

मागणी कोणती?

तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई घरोघर फॉर्म भरतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क केले आहेत. कागद चांगला आहे. पण शिबिरात बोट टोचले, आकडा वहीत गेला, माणूस घरी गेला आणि पुढे काहीच झाले नाही, असे घडत असेल तर तो पंचनामा झाला, भरपाई झाली नाही. म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही पाच मागण्या ठेवतो.

एक, शिबिरात साखर जास्त निघालेल्या प्रत्येकाची पंधरा दिवसांत प्रयोगशाळेत पक्की तपासणी व्हावी.

दोन, प्रत्येक मधुमेह्याला वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, चरबी आणि डोळ्याचा पडदा या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणी मिळाव्यात. एचबीएवनसी वर्षातून किमान दोनदा व्हावी.

तीन, तपासणीचा कागद मराठीत असावा आणि आकड्यापुढे तो चांगला की वाईट हे लिहिलेले असावे.

चार, गोळ्या आठवड्याच्या नव्हे, महिन्याच्या मिळाव्यात. चार गोळ्यांसाठी एक मजुरी बुडवणे परवडत नाही.

पाच, तपासणी बाजाराच्या दिवशी, बाजाराच्या गावी व्हावी.

आणि एक काम आपले स्वतःचे. प्रत्येक गावशाखेने एक वही करावी. घरोघर जाऊन तिशीच्या वरच्या माणसांपैकी कोणाची तपासणी झाली, कोणाची राहिली, एवढेच लिहावे. कोणाचा आकडा चावडीवर वाचायचा नाही, ती ज्याची त्याची खासगी बाब आहे. पण राहिलेल्यांना हाताला धरून न्यायचे. आधी घरच्या बाईला न्यायचे, कारण ती स्वतःहून जाणार नाही. बाळंतपणात जिला साखर निघाली होती, तिला तर दरवर्षी न्यायचे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावशाखेने ती वही आणावी. किती घरे झाली आणि किती राहिली, याची बेरीज आपण इथेच करू आणि ती घेऊनच जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ.